दऱ्या, दर्या नव्हे

खाण बंद पडली तेव्हा काट्यावरचा कॉम्प्युटर
मला साडेसातशे रुपयांना पडला.
पंधरा वर्षं त्याने फक्त वजनं खाल्ली होती:
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
पंख्याचं झाकण काढलं तर आत
डिचोलीचा डोंगर, तांबडा, पिठासारखा.
जुन्या टूथब्रशने तो वर्तमानपत्रावर झाडला
आणि उगाच बरणीत भरून ठेवला.

जुनी विंडोज लायसन्स मागत होती. म्हटलं, तू जा.
पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं. फुकट, उघडं,
ज्याचं प्रत्येक झाकण निघतं
आणि परत बसवताना एक स्क्रू हमखास उरतो.
त्याने आधी भाषा विचारली.
यादीत कोंकणी एका ओळीवर, मराठी दुसऱ्या.
घरी दोन्ही एकाच पातेल्यातून वाढतात.
वाचनालयाची दप्तरं मराठीत, म्हणून मराठी निवडली,
आणि क्षणभर आईशी अबोला धरल्यासारखं वाटलं.

मग मयेच्या वाचनालयातली अकराशे बारा पुस्तकं
एकेक करून आत चढवू लागलो.
दोनशे चौथं, ‘सत्तरीच्या दऱ्या’.
उमटलं ‘सत्तरीच्या दर्या’.
सत्तरीत दर्या!
जिथे मीठसुद्धा डोक्यावरून चढत गेलं.
य च्या माथ्यावर रफार जाऊन बसलेला,
आणि मला हवी होती कडेला टेकलेली ती लहानशी कोयती;
ती कुठल्याच बटणाखाली सापडेना.
तशीच छापली यादी, दारावर लावली.

रात्री बटणांची फाईल उघडली.
दूरदेशी कुणी लिहिलेली, पण कुलूप न घातलेली.
एक बिनकामाचं चिन्ह उचललं, तिथे ऱ ठेवला,
मनाशी हसलो, मशीन बंद करून चालू केलं.

काळा पडदा.
वर पांढऱ्या अक्षरांचा ढीग, खाली एक रेघ
उघडझाप करत.
मी कितीही बडवलं तरी उघडझाप करत.

हळदोण्याच्या कायतान फुर्तादला फोन लावला,
तीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर.
म्हणाला, “पळयनाका, वाच.
मशीन कितें सांगता तें वाच.”
मला त्या शिव्या वाटल्या होत्या. तो पत्ता होता:
फाईल अमुक, ओळ तीनशे सेहेचाळीस.

दुरुस्तीच्या दाराने आत शिरलो.
तेही म्हणालं, वाचायची मुभा आहे, लिहायची नाही.
कायतानने एक आज्ञा सांगितली, अक्षर अक्षर,
वादळात हाका माराव्यात तशी:
आर, रोमियो. डब्ल्यू, व्हिस्की.
व्हिस्कीपाशी तो जरासा थांबला.

ओळ तीनशे सेहेचाळीस.
एक अर्धविराम नव्हता.
शाळेतही मी तो कधी वापरला नाही,
माझं सगळं पूर्णविरामावर भागायचं.
घातला. जतन करणार तोच लाईट गेली.
मये आहे हे.
पुन्हा दार, पुन्हा रोमियो, पुन्हा व्हिस्की.

पहाटे तीनला पडद्यावर उमटलं: दऱ्या.
मग थांबवेना. वाऱ्यावर, किनाऱ्याला, कुऱ्हाड,
बिचाऱ्या, खोऱ्यात, नाना तऱ्हा;
पानभर कोयत्या
गवतात ठेवल्यासारख्या.

सकाळी नवी यादी घेऊन गेलो तर
दोनशे चौथं पुस्तक जागेवर नाही.
नववीतल्या स्वानंदी मळीकने नेलेलं.
बाप बोटीवर, मुलगी दर्या म्हणून घेऊन गेली.
वाटेत भेटली तेव्हा म्हटलं,
अगं, चूक माझ्या मशीनची, परत आण,
समुद्राचं दुसरं देतो.
ती म्हणाली, “नको.
त्यात एक नदी आहे, ती अजून खाली पोचली नाही.
आणखी आठ दिवस द्या.”

रजिस्टरात पेनाने तारीख पुढे ढकलली.
नवी यादी टेबलाच्या खणात आहे.
दारावरची मी अजून काढलेली नाही.